दफ्तर भिजवलं तो हंगाम

परवा कारखान्याचा भोंगा वाजला आणि माझा बिनसाखरेचा चहा गोड लागला. खोटं वाटत असेल तर पुढल्या हंगामात येऊन पिऊन बघा. गळीत सुरू झालं की आमच्या हवेतच साखर उतरते. मळीचा तो आंबूस, गोड, थोडा कुजका वास नाकात बसतो तो होळीपर्यंत उठत नाही. रस्त्यानं ट्रॅक्टर निघतात, मागं दोन-दोन ट्रॉल्या, त्यांत अख्खे संसार. तवा, घमेलं, कोंबड्यांचं खुराडं, वर उलटी बांधलेली बाज. शिरूर कासारकडची, आमच्या केज तालुक्यातली, धडधाकट तेवढी सगळी माणसं ऊस तोडायला पश्चिमेकडं जातात. मागं गावं अशी रिकामी होतात, की कुत्रं भुंकायच्या आधी कुणी ऐकायला आहे का ते बघून घेतं.

युसूफ वडगावच्या बाजारापासून तासाभराच्या चालीवर, रस्त्याच्या कडेला आमचा डेरा. तीन पत्र्याच्या खोल्या, एक लिंब, एक शेळी आणि आम्ही अकरा जणी. आम्ही किन्नर. सरकारी कागदात तृतीयपंथी लिहितात, गावात काय म्हणतात ते गावाला विचारा. माझं नाव शेवंता. दहावीला तीनदा बसले आणि तिन्ही वेळा गणितानं मला ओळख दाखवली नाही, पण अक्षर मोत्यासारखं. त्या अक्षराच्या जोरावर आमच्या गुरू गुलाबअम्मांनी मला चेली करून घेतलं. बाकीच्या नाचात हुशार होत्या, मी ऱ्हस्व-दीर्घात.

अम्मांबद्दल काय सांगू. त्यांची टाळी तेलगावपर्यंत ऐकू जायची म्हणतात. मी स्वतः तपासलेलं नाही, कारण मी नेहमी टाळीच्या अलीकडच्या टोकाला असायची आणि दहा मिनिटं मला काहीच ऐकू यायचं नाही. आमच्या भागातला साखर कारखाना पहिल्यांदा सुरू झाला, त्या दिवसाची गोष्ट अम्मा अशी सांगायच्या. पुढारी आले, त्यांच्या मागं त्यांच्याहून मोठे पुढारी आले, नारळ फुटले, उसाची पहिली मोळी गव्हाणीत पडली, आणि पट्टा हलेना. फेट्यांना घाम फुटला. मग कुणीतरी म्हणालं, डेऱ्यावरच्या अम्माला आणा, नजर लागलीय. अम्मा गेल्या, लिंबू ओवाळलं, एक टाळी दिली, पट्टा खडखडत सुटला. कारखान्याचा इंजिनिअर सांगत फिरायचा, की त्याच वेळी मागं त्यानं वायर जोडली होती. जोडली असेल. पण इतका वेळ ती का सापडली नव्हती, ते त्यानं कधी सांगितलं नाही. तेव्हापासून दर हंगामाला मोळीपूजनाचं बोलावणं डेऱ्यावर यायला लागलं, आणि पहिल्या साली अम्मांचा फोटो पेपरात आला, खाली 'रस्त्याकडेच्या डेऱ्यावरच्या गुलाबअम्मा' असं छापून.

तो फोटो म्हणजे आमच्या दफ्तराचं पहिलं पान. दफ्तर म्हणजे सोसायटीनं रद्दीत काढलेली एक लांबलचक वही. तिच्यात मी आमच्याविषयी छापून आलेलं सगळं चिकटवायची. जत्रेतला नाच, कुणा पोलिसानं केलेली मारहाण आणि तिच्याविरुद्धचा आमचा मोर्चा, लातूरच्या गुरूंचं निधन, गावच्या शाळेला आम्ही दिलेली घंटा. दोन ओळी असल्या तरी कात्री चालायची. शिवाय आमचं स्वतःचं बातमीपत्र होतं, 'आमची खबर'. अम्मा तोंडानं सांगायच्या, मी कार्बन लावून चार प्रती काढायची, आणि उसाच्या ट्रकांबरोबर त्या कर्नाटकापर्यंतच्या डेऱ्यांवर जायच्या. कोण कुणाची चेली झाली, कुठल्या बसचा कंडक्टर माणसासारखा बोलतो, घुंगराचा पितळी दाणा तुटला तर काय करायचं. माझा दावा आहे, की त्या काळात राज्यातल्या कुठल्याही पेपराला आमच्याइतके मन लावून वाचणारे वाचक नव्हते. एकेक अंक इतक्या हातांतून जायचा, की परत येईपर्यंत पापडासारखा पातळ व्हायचा.

या कामात एक नियम अम्मांचा होता आणि एक गुन्हा माझा.

नियम असा. अम्मा म्हणायच्या, "शेवंता, आपल्या फोटूशेजारी मयताची बातमी नगं. भाव पडल्याची नगं. भांडणतंटा तर घरात आणूच नगंस." पेपरात आमच्या चहूबाजूंनी दुसरं काय असणार? म्हणून मी शिंप्याची मोठी कात्री आणली आणि आमचा मजकूर असा कोरून काढायला लागले, की बांगडीच्या गोलाईवरून पातं फिरायचं. काठ नाही, समास नाही. शेजारची मयतं गेली, पडलेले भाव गेले, आणि पानाच्या डोक्यावरची पेपराच्या नावाची आणि तारखेची पट्टीही गेली. मग गव्हाच्या पिठाची खळ, तिच्यात कसर लागू नये म्हणून हळद आणि लिंबाचा पाला, आणि वर पाटा ठेवून चोवीस तास दाब. माझं चिकटवणं बघायला लोक यायचे. म्हणजे एक जण आला होता, पण तो दोनदा आला.

आता दुष्काळाकडं येते.

त्या वर्षी पाऊस आमच्या जिल्ह्याला टाळून असा गेला, जसा एखादा नातेवाईक समोरून येताना रस्ता बदलतो. पोळ्याला विहिरीत तळ दिसला. दिवाळीत बादली सोडली, तर खालून बेडूक वर बघायचा, की आणलंस का काही. संक्रांत सरली आणि ऊन असं पडायला लागलं, की सावलीसुद्धा झाडाखाली बसायला यायची. माणसं ऊसतोडीला गेलेली. मागं राहिलेल्या म्हाताऱ्यांसाठी टँकर सुरू झाले. गावाला दिवसाआड एक, आणि यादीत नाव असलेल्या वस्त्यांना वेगळा. आमच्या वस्तीचं नाव यादीत नव्हतं. आमची हसीना, जिच्याकडं डेऱ्याचं पाणी सांभाळायचं काम होतं, ती तीन कोसांवरच्या एका मळ्यातून दिवसाला दोन घागरी आणायची. अकरा जणी, एक शेळी, दोन घागरी. हसीना वाटीनं मोजून पाणी द्यायची आणि पिताना तोंडाकडं बघत बसायची. तसं पाणी घशाखाली उतरत नाही.

तालुक्याचे साहेब यादी तपासायला डेऱ्यापलीकडच्या आमच्या गावच्या ग्रामपंचायतीत आले, तेव्हा अम्मा आणि मी गेलो. बाकावर आबासाहेब बसलेले. सोसायटीचे चेअरमन, शंभर झाडांच्या मोसंबीचे मालक. ती मोसंबी त्या साली कशी हिरवी राहिली, यावर मी काही बोलणार नाही. झाडांना दव पुरलं असेल.

साहेबांनी विचारलं, "तुमची वस्ती किती जुनी, अम्मा?"

"डेऱ्याम्होरला लिंब हाय ना, त्यो म्या लावलाय."

"लिंबाचा दाखला चालत नाही. काही कागद?"

आबासाहेब म्हणाले, "साहेब, ही फिरस्ती माणसं. दुष्काळ बघून मागच्या महिन्यात इथं येऊन बसली. यांना टँकर दिला, तर उद्या सगळा जिल्हा इथं तंबू ठोकंल."

अम्मा शांतपणे म्हणाल्या, "आबासाहेब, तुमच्या बारशाला तुमाला मांडीवर घेतलतं म्या. नव्या लुगड्यावर मुतलते तुमी."

बाहेरची दोन म्हातारी माणसं हसली. तेवढीच होती. आम्हाला ओळखणारं सारं गाव उसाच्या फडात होतं, आणि उरलेल्यांत अर्धे बहिरे, अर्धे आबासाहेबांचे.

मी धावत डेऱ्यावर गेले आणि दफ्तर घेऊन आले. साहेब पानं उलटत राहिले. भला माणूस, एका फोटोपाशी तर गालातल्या गालात हसले. मग म्हणाले, "छान ठेवलंय. तारीख कुठंय?"

मी वही माझ्याकडं वळवली. एका पानावर नाही, दुसऱ्यावर नाही. अख्ख्या वहीत आमचं आयुष्य होतं आणि ते कधी घडलं, तेवढंच मी कापून चुलीत घातलं होतं.

मग मी 'आमची खबर'चे अंक काढले. साहेबांनी वरची ओळ मोठ्यानं वाचली, "आषाढ वद्य पंचमी, अम्मांच्या गुडघेदुखीचं तिसरं वर्ष." त्यांनी चष्मा काढून पुसला. "हे तुमच्याच हातचं?"

"हां, साहेब."

"मग बाई, हे काल लिहिलं की तेव्हा, मी कसं ठरवू? उद्या दुपारी यादी बंद करतोय. काही मिळालं तर घेऊन या."

आम्ही डेऱ्यावर परतलो. हसीनानं मला दारातच गाठलं. "तुजी ती कात्री आमाला तहानेनं मारणार बग. कावून कापलीस गं तारीख? ती काय पाणी मागत होती का तुला?"

मी वही मांडीवर घेऊन लिंबाखाली बसले. रडले असते, पण त्या वर्षी डोळ्यांनाही टँकर नव्हता. दुपारचं ऊन पानांवर पडत होतं आणि माझी ती नामांकित खळ तडतडायला लागली होती. पहिल्याच फोटोचा कोपरा सुटून वर आला. सवयीनं दाबायला गेले, तर खाली बारीक अक्षरं दिसली. 'सर्व सभासदांना कळविण्यात येते की'.

या जिल्ह्यात कुठलाही दगड उलटा करा, खाली हे वाक्य सापडतं. दूध संस्था, कापूस संस्था, विकास सोसायटी, कारखाना, सूतगिरणी, सगळ्यांच्या सभा आणि सगळ्यांच्या नोटिसा. आणि नोटीस म्हटली, की तिच्यात वार, तारीख, साल, वेळ आणि स्थळ असणारच. नसेल तर सभा बेकायदा. मी आमच्या पुढच्या बाजूची मयतं काढून टाकली होती, पण पेपराला पाठ असते, हे माझ्या कात्रीला कुठं माहीत होतं?

मी कोपरा ओढला तसा फाटायला लागला. खळ माझी होती, हात माझाच चावत होती. सुटका एकच होती. कात्रण भिजवायला हवं होतं, सावकाश, पसरट भांड्यात, भरपूर पाण्यात.

घरात एक घागर पाणी होतं. पुढचं पाणी दुसऱ्या दिवशी सकाळी यायचं होतं.

हसीनानं घागर दोन्ही हातांनी पोटाशी धरली. "न्हाई. कागूद भिजवायला पाणी? तू येडी झालीस, शेवंता. अन् कागदाच्या पाठीवर पोपटाच्या औषधाची जाहिरात निघाली तर?"

"निघू शकती," मी म्हणाले.

सगळ्यांनी अम्मांकडं बघितलं. अम्मांनी गुडघा चोळला. मग म्हणाल्या, "पाणी आज हाय, उद्या न्हाई. पर आपुन हितं व्हतो का न्हवतो, ते उद्या ठरायलंय. ठिव ती घागर खाली, हसीना."

हसीनानं घागर खाली ठेवली, आणि परातीत पाणी स्वतःच ओतलं. आवाज बारीक, पण अकरा जणींनी तो असा ऐकला, जसा पूर आला तर गाव ऐकतं. मी पान पाण्यात सोडलं. शेळी वास घेत जवळ आली, तिला एकीनं शिंगाला धरून ठेवलं. किती वेळ गेला माहीत नाही, मी सांगेन तो वाढवूनच सांगेन. मग खळीचा पांढरा धूर पाण्यात पसरला, हळदीची पिवळी झाक आली, आणि अम्मांचा फोटो वहीच्या पानावरून आपसूक सुटून वर तरंगला. मी चिमटीनं उचलून तो उलटा तापल्या पत्र्यावर ठेवला. त्या उन्हानं सालभरात एवढं एकच काम आमच्या बाजूनं केलं. श्वास सोडेपर्यंत कागद वाळला.

मागं आमच्याच गावच्या सोसायटीची नोटीस होती. वार्षिक सभा, वार, तारीख, साल, सगळं ठळक. आणि खाली 'आपला नम्र, चेअरमन' म्हणून आबासाहेबांच्या वडलांचं नाव, दादासाहेबांचं.

आम्ही परातीत एकामागून एक पानं सोडत गेलो. कपाशीचे भाव निघाले, हरवलेल्या म्हशीचं वर्णन निघालं, निवडणुकीचे निकाल, धरणाचं टेंडर. पोपटाचं औषधही निघालं एकदा, हसीनाचा शब्द खाली पडला नाही. ज्यांच्या मागं तारीख होती, त्या कात्रणांवरच्या घटना मी 'आमची खबर'मध्ये शोधल्या. दिवस मावळायच्या आत गुडघेदुखीच्या तिसऱ्या वर्षाला खरं साल मिळालं. तिथून पुढं आणि मागं मोजलं, तसे आमचे सगळे अंक कॅलेंडरात आपापल्या जागी जाऊन बसले. परातीतलं खळीचं पाणी शेळी प्यायली. पुढं आठ दिवस तिच्या चालण्यात एक भारदस्तपणा होता, असं मी नाही, हसीना म्हणायची. आम्ही मात्र त्या संध्याकाळी कोरड्या तोंडानं भाकरी चावली.

आज मी हे लिहितेय, तेव्हा डेऱ्यावर सिमेंटची खोली आहे आणि दफ्तराला पोलादी कपाट. नव्या चेल्या मोबाईलवर एकेक पान टिपून ठेवतात, पुढची बाजू, मागची बाजू, दोन्ही. कॉलेजात शिकणारी एक जण मला परवा विचारत होती, "आजी, आपला इतिहास वेगळा लिहायला पाहिजे ना?" मी म्हटलं, लिही की. पण मला तेव्हापासून एक वाटतं. ज्यांना गावानं पानाच्या एका बाजूला ठेवलं, त्यांच्या पाठीला पाठ लावून गावच छापलेलं असतं. एक बाजू फाडली, की दुसरीलाही भोक पडतं. हे मला कुठल्या पुस्तकानं शिकवलं नाही, परातीनं शिकवलं.

त्या परातीच्या दुसऱ्या दिवशी आम्ही अकराच्या अकरा जणी ग्रामपंचायतीत गेलो. नटून गेलो. पाणी नव्हतं, पण पावडर होती.

आबासाहेबांनी फोटो लांबूनच बघितला. "साहेब, आजकाल कायबी बनावट करतेत."

साहेबांनी कात्रण खिडकीच्या उजेडात धरलं, वाचलं, उलटं केलं, पुन्हा वाचलं. "मग ही मागची नोटीसही बनावट धरायची का? एकच कागद आहे. फोटो खोटा, तर ही सभाही झाली नाही, आणि हे चेअरमनही नव्हते." आणि कागद आबासाहेबांच्या हातात दिला.

आबासाहेब नाव बघत राहिले. मला वाटलं होतं, मला फार आनंद होईल. झालाच, खोटं कशाला बोलू. पण त्या माणसाचा आवाज उतरला, तो मी विसरले नाही. "दादांच्या काळचं सोसायटीत काई राहिलं न्हाई. समदं वाळवीनं खाल्लं." मग खाली बघत म्हणाले, "याची एक झेरॉक्स मिळंल का, अम्मा?"

अम्मा म्हणाल्या, "मिळंल की, लेकरा. टँकर आल्यावर."

साहेबांनी यादीत नवी ओळ लिहिली. वस्तीचं नाव काय लिहू, विचारलं. आम्ही एकमेकींकडं बघायला लागलो, आणि आबासाहेबच म्हणाले, "लिहा, गुलाबअम्मा वस्ती." त्या दिवसापासून आजपर्यंत एसटीचा कंडक्टरसुद्धा त्याच नावानं तिकीट फाडतो. गावातल्या लोकांचं तर असं झालं, की ऊसतोडीहून परतल्यावर बायका-माणसं डेऱ्यावर यायला लागली. आमच्या आजोबांचं काही आहे का गं तुमच्या पाठीमागं, म्हणून विचारायची. आम्ही शोधून द्यायचो. ज्यांच्या घरी एक चिठोरं उरलेलं नव्हतं, त्यांची नावं आमच्या नाचाच्या मागं सुखरूप होती.

टँकर आला त्या दुपारचं सांगते आणि थांबते. एवढा मोठा टँकर मी त्याआधी बघितला नव्हता. त्याच्या सावलीत अर्धं केज बसलं असतं. ड्रायव्हरनं पाइप पिंपात सोडला आणि खेपेचं रजिस्टर पुढं केलं. पाणी मिळालं, म्हणून वस्तीतल्या एकीनं सही करायची असते. अम्मांना अक्षर येत नव्हतं. ड्रायव्हर म्हणाला, "अंगठा चालतो, अम्मा."

"मला न्हाई चालत," अम्मा म्हणाल्या, आणि पेन मागून घेतला.

आधी तीन दिवस मी त्यांना मातीवर काटकीनं गिरवायला लावलं होतं. त्या मांडी घालून बसल्या, रजिस्टर गुडघ्यावर घेतलं. ग निघाला. त्याचा उकार निघाला. ला निघायला एक पिंप भरलं. ब निघेपर्यंत दुसरं. मागं पाणी धो-धो पडत होतं, हसीना पाइप एकातून दुसऱ्यात घालत होती, कुणी कुणाला मोजून देत नव्हतं. शेवटचं पिंप काठोकाठ भरलं, ड्रायव्हरनं नळ बंद केला, पाइप गुंडाळला, हात पुसले आणि येऊन उभा राहिला.

"झालं का, अम्मा? म्होरं दुसऱ्या वस्तीला जायचंय."

अम्मांनी मान वर केली नाही. "थांब बाबा," त्या म्हणाल्या, "वरची रेघ वढायची ऱ्हायलीय."